हिराबायची पहाटेची कळ

११ मार्च ९६, सोम.
तळवलीच्या दवाखान्यात आज गर्दी नव्हती, म्हणून हिराबायचं सगळं ऐकून घेता आलं. गावची धवलारीण. हिने मांडवात बसून धवले गायल्याशिवाय इथल्या आगरी घरांत लग्न लागत नाही. वय पन्नाशीच्या पुढे, आवाज खणखणीत. दोन महिने छातीत कळ. तपासणीच्या फिरत्या पट्ट्यावर चालवून झालं, कार्डिओग्राम झाला, सगळं नॉर्मल. आधीच्या डॉक्टरांनी अ‍ॅटेनोलॉल दिली आणि टेन्शन घेऊ नका म्हणाले.
ती म्हणते, "बाय, पाटंचे छातीवर कोन तरी पाटा ठेवतं, न मंग उचलून नेतं. दिसभर हांडं उचलते, तवा काय नाय."
आणि जाता जाता, "ही गोली चालू झाली तवापासून जास्तीच व्हतं."
जास्तीच!! घरी आल्या आल्या मेडिसिनचं जाडं पुस्तक काढलं. व्हेरिएंट अंजायना. शीर चोंदलेली नसते, स्वतःच आवळते. बहुतेक पहाटे, विश्रांतीत. आणि अ‍ॅटेनोलॉलच्या जातीच्या गोळ्यांनी वाढू शकते. तंतोतंत!
नवरोबा, म्हणजे नि., म्हणाला, "जेवायचंय की पुस्तकच खाणार?"

१३ मार्च, बुध.
कळ चालू असतानाच कार्डिओग्रामची पट्टी काढली तर पुरावा. नंतर काढून उपयोग नाही, सगळं पूर्ववत झालेलं असतं. म्हणून आज पहाटे नि.ला उठवलं, स्कूटरवर मशीन मांडीत घेऊन वाशीहून तळवली. ठाणे-बेलापूर रोडला तो नेहमीचा केमिकलचा वास. हिराबायची सून सुनंदा दारात उभीच. वायरी लावून बसलो. हिराबाय छान घोरत होती. काही झालं नाही.
नि. ऑफिसात डुलक्या काढणार. उद्या परत येतो म्हणालाय. गुणी आहे.

१४ मार्च, गुरु.
मिळाली! मिळाली!
उजाडायच्या जरा आधी हिराबायने डोळे उघडले, मूठ छातीवर. "आला बाय, पाटा आला." मशीन चालू केलं. कागद सरकतोय आणि रेघेतला एसटी सेगमेंट, म्हणजे ठोक्यानंतरचा सपाट तुकडा, वर, वर, अगदी पुस्तकातल्या चित्रासारखा. हार्ट अटॅकही असाच दिसतो. एका डोळ्याने पट्टी, दुसऱ्याने तिचा चेहरा. घामाने डबडबलेली. जिभेखाली गोळी ठेवली. सुनंदा सारखी विचारतेय, "मॅडम, वाचेल ना?" आणि मी हिराबायची नाडी धरून बसलेली.
मग तिचा चेहरा सैल झाला. पट्टीवरची रेघही खाली, पुन्हा सरळ. आवळलेली शीर सुटताना डोळ्यांनी पाहिली, म्हणजे जवळजवळ पाहिलीच!
"नेला पाटा," म्हणाली. चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

१५ मार्च, शुक्र.
पट्ट्या आणि हिराबाय दोघींना घेऊन वाशीच्या हॉस्पिटलात, माझ्या हृदयतज्ज्ञ सरांकडे. इंटर्नशिपमध्ये त्यांनी एकदाही शाबासकी दिली नव्हती. आज पट्टी खिडकीच्या उजेडात धरली, "हे तू काढलंस? कुठे? घरी?" एवढंच. मला पुरे!
लगेच अ‍ॅडमिट हो, अँजिओग्राफी करू म्हणाले. शीर नुसती आवळते की आत अडथळाही आहे, ते त्याशिवाय कळणार नाही. हिराबाय ठाम. "लग्नसराई हाय. पोरींना शब्द दिलाय." सर चिडले. रक्त तपासून झालं, अटॅक आलेला नाही. शेवटी ठरलं: अ‍ॅटेनोलॉल हळूहळू कमी करून बंद, मग डिल्टियाझेम. जिभेखालची गोळी कायम कनवटीला.
रिक्षात तिला समजावलं. शिरेच्या भिंतीत स्नायू असतो, त्यात कॅल्शियम शिरलं की तो आवळतो. ही गोळी कॅल्शियमचं दार लोटून घेते. शीर सैल राहते, बीपी उतरतं, हृदयाचं काम हलकं होतं.
"कॅल्शियम म्हंजे चुना ना? मंग पानाचा चुना बंद करू?"
रिक्षावालासुद्धा हसला. नाही गं बाई, चुन्याचा संबंध नाही!

२३ मार्च, शनि.
नवी गोळी सुरू होऊन काही दिवस झाले. एकही कळ नाही. एकही नाही!! सुनंदा म्हणाली, सासूबाई पहाटे उठून अंगण झाडतायत. दवाखान्यात कुणी नसताना मी एक गिरकी घेतली. घेतली तर घेतली.

३१ मार्च, रवि.
गिरकी महागात पडली.
दुपारी सुनंदा धावत. हळदीच्या मांडवात गाता गाता हिराबाय कलंडली. पोचले तर शुद्धीवर, पण नाडी... बोटाखाली एक ठोका, मग वाट बघावी लागे. बीपी कमी. तिची पिशवी उलटी केली. अ‍ॅटेनोलॉलचं पाकीट, नवं, अर्धं संपलेलं.
"ती पन डागतरनीच दिलेली. दोन गोल्या म्हंजे दुप्पट गुन, नाय का?"
डिल्टियाझेम नुसती शीर सैल करत नाही, हृदयाचे ठोके चालवणारी वीजही मंदावते. अ‍ॅटेनोलॉलही तेच करते. दोघी मिळून ठोकाच अडवून बसल्या. कुणाच्या तरी टेम्पोतून वाशीला. वाटेत मनगट सोडलं नाही. सरांनी मॉनिटर लावला, दोन्ही गोळ्या थांबवल्या, सुई दिली.
गोळी बंद सांगितलं, पण पाकीट मागून घ्यायला हवं होतं.

२ एप्रिल, मंगळ.
ठोके परतले! सर म्हणाले, आता एकटी डिल्टियाझेम, कमी डोसने, इथेच नजरेखाली. हिराबाय वॉर्डातल्या बायकांना गाणी शिकवतेय. सिस्टर ओरडतात आणि ऐकतातही.

९ मे, गुरु.
लग्नं आटोपली, शब्द पाळून ती आज अँजिओग्राफीला आली. मधे एकदाच कळ, तीही हलकी. म्हणजे माझं निदान बरोबर. बहुतेक. पण सर काल म्हणाले, "गोळीने कळ थांबते म्हणजे आत अडथळा नाही, असं समजू नकोस." झोप लागली नाही.
आत नेताना तिने विचारलं, "काय दिसंल गं बाय?"
"मोकळी शीर."
"न नाय दिसली तर?"
"मग पुढचं बघू. मी आहे."
सुनंदाबरोबर बाहेर बाकावर. छाती धडधडतेय, पण घाबरून की उत्सुकतेने, मलाच सांगता येत नाही.
आत्ता सिस्टर बाहेर आल्या. सरांनी मला आत बोलावलंय, पडद्यावर काहीतरी दाखवायचंय म्हणे. चांगलं का वाईट, सिस्टरांच्या चेहऱ्यावरून कळेना. सुनंदा माझ्याकडे बघतेय. जाते.