फाटकापलीकडे न झालेलं लग्न

माहिकेंग,
१२ फेब्रुवारी २०२३

तीर्थरूप मोथिबेदीमामांस,
केलेचा शि. सा. न. वि. वि.

सीमा ओलांडून सुखरूप पोचले. फोनवर ओरडून माझा घसा बसतो आणि तुम्हाला तरीही ‘दवाखाना’ ऐवजी ‘दगड खाना’च ऐकू येतं, म्हणून हे पत्र बसवाल्या टिरोकडे देते आहे. त्याला चहा पाजा, नाहीतर पुढचं पत्र त्याच्या खिशातच राहील. इथे चष्म्याच्या दुकानात डोळे तपासण्याची नोकरी लागली. खोली लहान आहे, पण खिडकी पूर्वेला आहे.

वकीलबाई सेरोबात्सेंना भेटले. लग्न मोडायचंच आहे तर लोबात्सेतच का नाही मोडत, असं तुम्ही विचारत होतात ना? आपल्या देशात दोन बायकांचं लग्नच लागत नाही. आपल्या कोर्टाच्या लेखी मी आणि सेगामेत्सी एका घरात राहणाऱ्या दोन बिनलग्नाच्या बाया. मग मोडायचं काय? लग्न इथे माहिकेंगला नोंदलं, तेव्हा मोडेल तेही इथेच. पण दोघींपैकी एकीने तरी वर्षभर इथे राहिलेलं असलं पाहिजे, त्याआधी अर्जच घेत नाहीत.

मला घटस्फोटाची घाई नाही मामा, ओराची आहे. ती सेगामेत्सीच्या पोटची हे खरंच. पण जोहान्सबर्गच्या दवाखान्यात आम्ही दोघींनी सह्या केल्या तेव्हा ती पोटात आली. इथल्या कायद्याने मी तिची आई आहे, सीमेवरच्या फाटकापलीकडे, आपल्या देशात, मी तिची कुणीही नाही. इथल्या कोर्टाने लग्न मोडलं, तर ते झालं होतं असं निदान कुणीतरी म्हणेल. हसू नका.

दुसरं. ओराचा डावा डोळा आळशी आहे, तुम्हाला ठाऊकच आहे. उजव्यावर रोज पट्टी लावून डाव्याला कामाला लावावं लागतं, आणि ते आत्ताच, या वयात. मोठी झाल्यावर उपयोग नाही. सेगामेत्सीने तिला कान्येला आईकडे नेल्यापासून पट्टी बंद असणार. सोबत पट्ट्यांचं पाकीट आहे. जाल ना?

लोभ तुमचाच आहे, तो वाढता ठेवा.
तुमची,
केले


लोबात्से,
१९ मार्च २०२३

चि. केलेबोगिले हिस,
मामाचे पोटभर आशीर्वाद.

जाऊन आलो. तुझ्या लग्नात घातलेला कोट घातला होता. लग्न जुळवायला मामा लागतो, तर मोडायलाही मामानेच गेलं पाहिजे, असं मनाशी म्हणत फाटक वाजवलं. म्हातारपणी माणसाचं डोकं कसं चालतं बघ.

अंगणात खुर्च्या मांडलेल्या, कोट घातलेले आणखी दोन मामा बसलेले. मलाही त्यांच्यातलाच समजून एका पोरीने आल्याचं सरबत दिलं. ते मी प्यायलो. मग सेगामेत्सीच्या आईने मला ओळखलं आणि बाजूला नेलं. मी म्हटलं, आमच्या मुलीच्या लग्नाचं बोलायला आलोय. ती म्हणाली, कसलं लग्न? तुमच्या भाचीने आमच्या पोरीच्या डोक्यात काहीतरी भरवलं होतं, ते आता उतरलं. मी म्हटलं, बाई, लग्नाच्या दिवशी तुम्ही माझ्याशेजारी बसून नाचणाऱ्यांसाठी टाळ्या वाजवल्यात. तर म्हणाली, टाळ्या मी डास मारायलाही वाजवते.

केले, आता बसून वाच. ते दोघे मामा रुस्टेनबर्गच्या खाणीत काम करणाऱ्या ओलेबिले नावाच्या माणसाकडचे होते. सेगामेत्सीला मागणी घालायला आले होते. ती आपल्याकडे बिनलग्नाची, तेव्हा हरकत कोण घेणार?

ती भेटली. वाळली आहे. मला म्हणाली, मामा, मला चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून बसून कंटाळा आला, मला आईच्या अंगणात परत बसायचं होतं. तिच्यावर रागवायला गेलो होतो, ते जमलं नाही.

ओराचा चष्मा कपाटावर होता. पट्टी लावली की रडते, म्हणून आजी काढून टाकते. मी माझ्याही डोळ्याला एक चिकटवली, तेव्हा तिने लावून घेतली. आम्ही दोघे काण्या चाच्यांसारखे कोंबड्यांमागे धावलो. दर रविवारी जाईन म्हणतो. फुटबॉलच्या मैदानात वीस वर्षं शिट्टी फुंकून शिव्या खाल्ल्या आहेत, या बाईच्या शिव्यांनी मी मरत नाही.

जेवत जा.
मामा


माहिकेंग,
७ मे २०२३

ती. मामांस,
सा. न.

टिरोने तुम्हाला सांगितलंच असेल. हो, मी गेले होते. मागच्या शनिवारी दुकान बंद झालं आणि सरळ कान्येला गेले. फाटकाशी उभी राहून फक्त ओराला हाक मारली. ती पायऱ्यांवरून धावत आली, मधल्या पायरीचा अंदाज चुकला आणि तोंडावर पडली. डावा डोळा साथ देत नाही, म्हणून पायरी किती खाली ते तिला कळत नाही. मी फाटकावरून उडी मारली.

आजीने पोलीस बोलावले. तो हवालदार चांगला होता, अगदी पोरसवदा. त्याने विचारलं, ताई, तुम्ही हिच्या कोण? मी म्हटलं, आई. त्याने सेगामेत्सीकडे बघितलं. ती खाली बघत होती. तो म्हणाला, मुलीला एकच आई असते ताई. ओरा माझ्या मांडीवर होती, तिच्या नाकातून रक्त येत होतं. त्यानेच माझी बोटं एकेक करून सोडवली.

वकीलबाई चिडल्या. म्हणाल्या, तुम्ही असे तमाशे केलेत तर उद्या तेच कोर्टात तुमच्यासमोर ठेवतील. आणि सारख्या सीमेपलीकडे जात राहिलात तर इथे राहता हे कसं सांगू? म्हणजे तिच्यापासून लांब राहिले तरच मी तिची आई ठरणार. इथे परक्यांच्या पोरांना पट्ट्या लावते मी, मामा. काल एकीला लावताना हात थांबला तो थांबलाच. मालकीणबाईंनी पुढचं केलं.

सगळं टाकून परत येऊ का? नुसतं ‘ये’ म्हणा.
केले


कान्ये,
१ ऑक्टोबर २०२३

प्रिय केले,

तुझ्या मामांच्या हाती हे देते आहे. तुझा नंबर मी बंद करून ठेवलाय, तो उघडायचा धीर नाही.

मलाही घटस्फोट हवा आहे. ओलेबिलेबरोबर राहायचं तर मला तुझ्या बाजूला, रुस्टेनबर्गला, राहायचा परवाना लागेल, आणि तिथल्या दप्तरात मी तुझी बायको आहे. इथे कुमारी, तिथे विवाहित. फाटक ओलांडलं की माझं लग्न सुरू होतं. मी इथून अर्ज करू शकत नाही, तूच करू शकतेस. माझी सुटका तुझ्या हातात आहे, हे तुला कळून गंमत वाटली असेल तर वाटू दे.

मी काही आड येणार नाही. एवढंच कर, ओरासाठी काही मागू नकोस. न्यायाधीशांनी विचारलं तर ती माझी एकटीची, तुझा संबंध नाही, असं सांग. तुझं माझं काय होतं ते ओलेबिलेला ठाऊक आहे, आणि ते मागे पडलं म्हणून त्याने पचवलं. पण मुलीला दुसरी आई आहे हे त्याच्या घरचे पचवणार नाहीत. हे झालं की तू दर रविवारी ये, डोळे तपासणारी बाई म्हणून. आईला मी समजावीन.

तू मला वाईट समजतेस. सात वर्षं मी रात्री कूस बदलली की तू झोपेतच पांघरूण ओढून घालायचीस. ते मी विसरलेले नाही. पण मी दमले, केले.

सेगामेत्सी


लोबात्से,
१५ ऑक्टोबर २०२३

चि. केले हिस,
आशीर्वाद.

पत्र मी वाचलेलं नाही, पण तिने रडत सगळं सांगितलं. तू विचारशील, मामा, काय करू? मे महिन्यात मी तुला ‘ये’ म्हटलं नाही, तेव्हा खात्री होती; आता मला माहीत नाही. मैदानात मला नेहमी माहीत असायचं.

एक सांगायलाच हवं. गेल्या तीन रविवारी आजीने कुलूप उघडलं नाही. फाटकाच्या गजांतून मी आणि ओरा बोलतो. पट्टी लावायला माझा हात तिच्या डोळ्यापर्यंत पोचत नाही. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता सहा वर्षांची झाली, महिने महत्त्वाचे.

कोर्टातला कागद आधी की डोळा आधी, हे तूच ठरव. काहीही ठरवलंस तरी माझा दरवाजा उघडाच आहे.
मामा


माहिकेंग,
२६ मे २०२४

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी सेगामेत्सीला हो म्हटलं होतं. डोळा आधी. वकीलबाईंना सांगितलं, मुलीवर माझा दावा लिहू नका. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, मूल आहे हे मी लपवणार नाही, आणि मुलाचं काय ते समजल्याशिवाय इथला न्यायाधीश लग्न मोडत नाही, विचारणारच. मी म्हटलं, विचारू दे, मी सांगेन माझा संबंध नाही.

घरी आरशासमोर तालीम केली. जमत होतं.

परवा शुक्रवारी सुनावणी होती. न्यायाधीश वयस्क, आवाज बारीक. सेगामेत्सी निळ्या पोशाखात, बाकाच्या अगदी कडेला. दहा मिनिटांत सगळं आटपेल असं वाटत होतं. मग त्यांनी विचारलं, हे मूल लग्नानंतर, तुमच्या संमतीने झालं ना? मी हो म्हटलं. ते म्हणाले, मग या देशाच्या कायद्याने तुम्ही तिच्या आई आहात; तुम्ही काहीच मागत नाही, भेटही नाही, असं का? तुम्ही स्वतःला तिची आई मानत नाही का?

मामा, ‘नाही’ एवढा एक शब्द म्हणायचा होता. तोंड उघडलं आणि निघालं ते असं की मीच तिची आई, मला ती हवी आहे. सेगामेत्सीने डोळे मिटले. मी शब्द मोडला. रविवार गेले, फाटक गेलं, सगळं माझ्या तोंडाने घालवलं.

मग त्यांनी तिला उभं केलं आणि विचारलं, हे खरं आहे का? न्यायाधीशांनी पाणी देऊ का विचारलं. तिने मान हलवली आणि म्हणाली, खरं आहे, ओरा आमच्या दोघींची आहे.

लग्न मोडलं. शाळेच्या प्रत्येक सुट्टीचा अर्धा भाग ओराने माझ्याकडे राहायचं, असा हुकूम झाला. बाहेर आल्यावर मी तिला हाक मारली. तिने ओढणीत तोंड लपवलं आणि निघून गेली.

मी जिंकले म्हणे.

माया आहेच, ती उणी होऊ देऊ नका.
केले


लोबात्से,
३० जून २०२४

चि. केले हिस,
आशीर्वाद.

वाईट बातमी आधी. तुझा हुकूम घेऊन मी इथल्या कचेरीत गेलो. कारकून सभ्यपणे म्हणाला, आजोबा, ज्या लग्नाला इथे लग्न म्हणत नाहीत, त्याच्या घटस्फोटाचा कागद मी कुठे लावू? म्हणजे सेगामेत्सीने मूल पाठवलं तर पाठवलं. पोलीस तिला काही बोलणार नाहीत.

ओलेबिलेच्या मामांनी मागणी मागे घेतली. कोर्टात काय बोलली ते तिनेच त्याला सांगितलं म्हणे. आई तिच्याशी बोलत नाही. ती आता कान्येतच, आईच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे भाड्याने राहते, ओराला घेऊन. मी दोनदा गेलो. दार उघडलं नाही.

आशा धर म्हणायला जीभ रेटत नाही.
मामा


माहिकेंग,
१८ ऑगस्ट २०२४

ती. मामांस,
केलेचा नमस्कार.

सुट्टी लागली त्या सकाळी मी सीमेवरच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. कुणी येणार नव्हतंच, तरी गेले. बसमागून बस आली. पिठाच्या गोळ्यांच्या तळलेल्या मॅग्विन्या विकणारी बाई मला म्हणाली, पोरी, तुझा माणूस येत नाही वाटतं, खाली बस तरी. दुपार कलली तेव्हा मी पिशवी उचलली.

आणि मग त्या आल्या. पलीकडच्या खिडकीवर सेगामेत्सीने आपला संमतीचा कागद दिला, शिक्का मारून घेतला आणि ओराचा हात धरून चालत आली. माझ्यापासून काही पावलांवर थांबली. मला म्हणाली, पट्टी दोन महिने लावते आहे, रोज; रडली तरी काढलेली नाही. ओलेबिलेबद्दल बोलू नकोस. मला माफ कर म्हणू नकोस, मीही म्हणणार नाही. मग तिने ओराचा हात सोडला.

उजव्या डोळ्यावर पट्टी होती. ओरा पुढे आली आणि मधेच थांबली. तोंड वर करून माझ्याकडे बघत राहिली, डोकं एकदा इकडे, एकदा तिकडे करत. मामा, तिला मी दिसत होते, पण कोण ते कळत नव्हतं. त्या डोळ्याला माझा चेहरा म्हणजे नुसता एक तपकिरी डाग. ती घाबरून मागे वळायला लागली. सेगामेत्सी मागून म्हणाली, बोल ना केले, बोल.

मी म्हटलं, ओरा, मी आहे.

रात्री दुकानात नेऊन तपासलं. सगळ्यात वरची दोन अक्षरं सांगते. दोन महिन्यांपूर्वी तीही सांगितली नसती. पूर्ण बरा होईल का, मला माहीत नाही. डोळे तपासणारी बाई म्हणून विचाराल तर नाही. पंधरवड्याने तिला परत सोडायची आहे. पुढच्या सुट्टीत ती येईल की नाही, हे कुठल्याच कागदावर नाही, सेगामेत्सीच्या मनात आहे.

आत्ता ती झोपली आहे. मी दिवा बारीक केला, तर झोपेतच म्हणाली, नको, मला तू दिसली पाहिजेस.

तुमच्या मायेत आम्हा तिघींनाही जागा असू द्या.
तुमची,
केले