लेझरनंतरचा अबोला

ताई,

तू खुर्चीतच झोपलीस, म्हणून उठवलं नाही. डोळे दाखवायला जाते आहे. शेजारच्या काकू सोबत आहेत, गाडी त्याच चालवतील.

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन बिघडल्यावर तू लेझरला नको म्हणणारच होतीस. पण डॉक्टरांनी माझ्या बुबुळाची जाडी मोजल्यावरच होकार दिला. डोळे अजून कोरडे पडतात, दिव्यांभोवती वलयं दिसतात. हळूहळू कमी होईल म्हणाले. बाकी छान आहे. सकाळी चष्म्याशिवाय समोरच्या गच्चीवरची मांजराची पिल्लं दिसली. मग तुझ्याकडे पाहिलं. केस किती पांढरे झालेत गं तुझे.

माझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलंस, तरी औषधाचे थेंब घालायला एकदाही विसरली नाहीस. आल्यावर चहा मी करते. तू फक्त समोर बस आणि हवं तेवढं रागाव.

धाकटी