ग्राशियानाचं वाकडं तोंड

३ फेब्रुवारी, सोमवार

कागदा, परवा काय सांगितलं होतं, आठवतं? नाही ना! बघतोयस नुसता कोऱ्या तोंडाने. लक्षात ठेवायचं काम तुझं, आणि आठवण करून द्यायची मी!

तर पुन्हा ऐक. लिहितेय माझी सून, डार्लीन. मला अक्षर येत नाही, म्हणून हात तिचा, तोंड माझं. बोलेन तसंच उतरवायचं ठरलंय — आज तिची बिस्किटं करपली, हेसुद्धा. लिही गं, लाजतेस काय!

आमच्या एल्को गावात हिवाळ्यात कोणी बोलिंगला जातं, कोणी बर्फावर घसरायला. आम्ही बास्क माणसं, मूळची युरोपातल्या डोंगरांतली, पत्त्यांतला मुस खेळतो. समोरासमोर दोन जोड्या. पत्ते हातात, पण खेळ सगळा चेहऱ्यावर! जोडीदाराला खूण करायची मुभा असते. दोन राजे आले तर खालचा ओठ चावायचा. तीन पानं सारखी आली तर तोंड वाकडं करायचं. समोरच्याने खूण पकडली तर त्याचं नशीब. खोटी खूण मात्र चालत नाही.

माझी जोडीदार ग्राशियाना. आमचे नवरे होते तेव्हापासूनची. आणि शरद ऋतूत तिला अर्धांगाचा झटका आला, तोंड डावीकडे वाकडं झालं. कायमचं.

५ फेब्रुवारी, बुधवार

तिच्याकडे गेले. पडदे ओढून बसलेली.

"मी नाही येणार शनिवारच्या मुसच्या स्पर्धेला. लोक तोंडाकडे बघतील."

"अगं, मुस खेळताना लोक दुसरं काय बघतात?"

हसली. एकाच बाजूने हसली. पुरे की एक बाजू!

६ फेब्रुवारी, गुरुवार

फोनवर नाही म्हणाली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

हो म्हणाली!! डार्लीन जाऊन तिचे केस कुरळे करून आली. बिस्किटं माफ.

८ फेब्रुवारी, शनिवार

पहिल्याच फेरीला हरकत! आणि समोरच्या जोडीचीही नाही — शेजारच्या टेबलावरून बेत्रान उठला. म्हातारा मेंढपाळ, विधुर, आवाज असा की डोंगरावरची मेंढरं अजून दचकतील.

"हिचं तोंड म्हणजे सारखी खोटी खूण! तीन पानं आहेत की नाहीत, माणसाने ओळखायचं कसं?"

सगळा हॉल वळून तिच्याकडे बघायला लागला. ग्राशियाना उठायला लागली. मी तिची बाही घट्ट धरली.

"बेत्रान, तुझं नाक जन्मापासून वाकडं आहे. आम्ही कधी तक्रार केली?"

हसू फुटलं, पण पंच काही हसेना. नियम तो नियम. तेव्हा ग्राशियानाच बोलली. शब्द जड पडत होते, तरी सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"तीन आली तर मी उजवा गाल फुगवीन. सांगून ठेवते."

पंचाने मान डोलावली. मी बसल्या जागी वीतभर उंच झाले.

९ फेब्रुवारी, रविवार

अंतिम सामना — आणि समोर कोण? बेत्रान!

अटीतटीला आलं. ग्राशियानाने पत्ते पाहिले आणि म्हणाली, "ओर्दागो." म्हणजे सगळं पणाला. बेत्रानने तिच्या तोंडाकडे पाहिलं. जन्माची सवय! वाकडं तोंड दिसलं, गाल विसरला. "सोडलं," म्हणाला.

हात संपला, पानं उघडली. त्याच्याकडे दोन राजे. तिच्याकडे दोन चव्व्या!

"मी गाल फुगवला होता का रे?"

हॉल नुसता दणाणला. डाव फिरला तो तिथेच. पुढचा हात आमचा, स्पर्धाही आमची.

विजेत्यांना मोठी लोकरी टोपी मिळते, त्यावर नाव भरलेलं. ते मला वाचता येत नाही, पण डोक्यावर झकास बसतं. ग्राशियानाने टोपी डावीकडे कलती घातली, तोंडाला जुळेल अशी! फोटोवाला म्हणाला, "बाई, जरा बाजूने उभ्या राहता का?"

"समोरूनच काढ," म्हणाली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

"आई, जेवताना तरी टोपी काढा."

नाही काढत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ग्राशियानाचा फोन. पुढच्या वर्षी माझ्याबरोबर खेळणार नाही! बेत्रानबरोबर खेळणार. रोज येतो म्हणे, समोर बसून तिचा चेहरा शिकतो. उद्या चौदा तारीख, जेवायलाच आहे. दगाबाज!

डार्लीन, लिहिणं पुरे. कोकराचा रस्सा करून पाठव तिच्याकडे. दोघांपुरता. आणि ऐक — लसूण घालू नकोस.