तुमचा कोंबडा आणि माझा अर्ज

बाबा,

आमच्या सोसायटीत सध्या एक अर्ज फिरतोय. घोडबंदर रोडवरच्या आमच्या टॉवरच्या भिंतीला लागून जुनं गाव आहे. तिथल्या एका घरच्या कोंबड्याने म्हणे चौदाव्या मजल्यापर्यंतच्या लोकांची झोप उडवली आहे. आज शेजारीण सहीसाठी दारात आली. म्हणाली, "अगं, अंडी द्यायला कोंबड्या आहेत ना? मग हा कोंबडा कशाला पाळायचा?" याचं उत्तर मला तोंडपाठ आहे, तुमच्याकडूनच ऐकून ऐकून झालेलं. तरी मी चष्मा सापडत नसल्याचं कारण सांगून तिला परत पाठवलं.

वर्तकनगरला वसाहतीतले लोक तुम्हाला हेच विचारायचे. तळमजल्यावरचं आपलं घर, मागे हातभर अंगण, त्यात पाच कोंबड्या आणि तो तांबडा, मोठ्या तुऱ्याचा. कंपनीतून दमून आलात की घरात चार शब्द बोलायचा नाहीत. पण कोंबड्याचा विषय निघाला की तुमची कळी खुलायची. "अहो, अंड्यांसाठी नकोच तो. पण पिल्लं हवीत ना? आणि घार आली की आधी कोण ओरडतो? बायका भांडायला लागल्या की मध्ये कोण पडतो?" या बायका म्हणजे कोंबड्या, हे ठाऊक असूनही आई आत एखादं भांडं आपटायचीच. मग तुम्ही मूठभर कणी टाकून दाखवायचात. तो दाणा चोचीत उचलायचा, पुन्हा खाली टाकायचा आणि कुटकुट करून कोंबड्यांना बोलवायचा. "बघा, आधी त्यांना हाक मारतो. स्वतः मागून खातो." तेव्हा तुमच्या आवाजात जो अभिमान असायचा, तो माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करताना मी कधी ऐकला नाही. मी जळायचे, बाबा. चक्क एका कोंबड्यावर जळायचे. माझी वही उघडलीत की तुमचं ठरलेलं वाक्य, "हे अक्षर आहे की कोंबडीचे पाय?" खऱ्या कोंबडीच्या पायाला काटा लागला तर मांडीवर घेऊन काढणारा माणूस मला हे ऐकवायचा.

दहावीच्या वर्षी मी वसाहतीच्या कमिटीला निनावी अर्ज लिहिला. पहाटे कोंबडा आरवतो, झोपमोड होते, दहावीच्या मुलांचा अभ्यास बुडतो, त्याला हलवावं. रेघा आखून, एकेक अक्षर कोरून लिहिला, म्हणजे तुमच्या हाती पडला तरी तुम्हाला माझा संशय येणार नाही. आपल्या बिल्डिंगमध्ये दहावीला मी एकटीच होते, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

रविवारी सेक्रेटरीकाका तो कागद घेऊन आले. "काय करणार भाऊ, तक्रार आलीय म्हटल्यावर मला बघायला लागणार." मी आईजवळ मटार सोलत बसले आहे. तुम्ही कागद खिडकीच्या उजेडात धरता, सावकाश वाचता, पुन्हा एकदा वाचता. माझ्या हातातली शेंग हातातच राहते. मग तुम्ही त्याची घडी घालून खिशात ठेवता आणि कुणाकडेच न बघता म्हणता, "अक्षर छान आहे." संध्याकाळी कोंबड्याला पिशवीत घालून, मान तेवढी बाहेर ठेवून, तुम्ही कळव्याच्या मित्राकडे सोडून आलात. माझ्या अक्षराचं तुम्ही केलेलं कौतुक तेवढंच.

पुढच्याच आठवड्यात घारीने करडी कोंबडी दिवसाढवळ्या उचलली. उरलेल्या एकमेकींची पिसं उपटायला लागल्या. एक खुडूक होऊन बसली ती दिवसचे दिवस अंड्यांवरून उठेना, आणि आता त्या अंड्यांतून काही निघणार नव्हतं. तुम्ही एका शब्दाने मला बोलला नाहीत. सुट्टीच्या दिवशी अंगणात खुर्ची टाकून बसायचात आणि घारीसाठी आकाशाकडे बघत राहायचात. खरं तर मला लाज वाटायला हवी होती. मला त्या कोंबड्यांचा हेवा वाटत होता.

शेजारीण उद्या पुन्हा येईल. मी सही करणार नाही, पण त्यात माझा चांगुलपणा काही नाही. खालच्या गावात पहाटे कोणीतरी त्या कोंबड्यासाठी दार उघडत असेल, आणि त्या घरात एखादी मुलगी असेल तर तिचाही मला या वयात हेवा वाटतो. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, म्हणून लिहून टाकते. त्या अर्जात मी खोटं लिहिलं होतं. माझी झोपमोड कधीच झाली नाही. तो आरवायच्या आधीच मी जागी असायचे, पांघरुणात डोळे मिटून. तुम्ही मागचं दार उघडून त्याला "काय रे, उठलास का? भूक लागली?" असं विचारायचात ना, तेवढा तुमचा आवाज ऐकायला.