चूल जाड येतेय

पिंप्राळा, जळगाव
१९ नोव्हेंबर

प्रिय चांदचाचा,

तीन वेळा तुम्हाला फोन लावला आणि तिन्ही वेळा धुळ्यात थंडी किती पडली एवढंच विचारून ठेवला. तुम्हीही काही विचारलं नाही. म्हणून आता कागद घेऊन बसले आहे. फोनवर ‘बरं, ठेवते’ म्हणून सुटता येतं, कागदावर तसं सुटता येत नाही.

आधी कारखान्याची खबर सांगते, कारण ती सांगताना मला राग येतो आणि रागात मला बरं लिहिता येतं. खुर्च्यांची पुढची ऑर्डर ऑक्टोबरात आली तेव्हा तुमच्या जागी पुनाभाऊ म्हणून एक मिस्त्री आला. तिशीचा, अंगानं दणकट. पहिल्या दिवशी लोटननाना मालकाच्या तोऱ्यात त्याला घेऊन कारखानाभर फिरले, बाजारातून नवी बैलजोडी आणावी तसे. चौथ्या दिवशी हा पुनाभाऊ खुर्चीचा पाय घेऊन माझ्या कॉम्प्युटरशी येऊन उभा राहिला. पाय जोडापाशी उभा फाटला होता. म्हणाला, ‘ताई, चूल खाचेत जात नाही. ठोकली तर लाकूड फाटतं.’ मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. शब्द न् शब्द तुमचा होता.

हा शब्द मला तुम्हीच शिकवलात. कामाला लागून माझा आठवडा झाला असेल. तुम्ही म्हणालात, ‘बेटा, चूल थोडी लांब ठेव.’ मला वाटलं, कुणाच्या तरी स्वयंपाकघराचं काम आलंय. मी विचारलं, कोणत्या भिंतीपासून लांब? तुम्ही खाली बसून हसलात. मग दोन तुकडे उचलून दाखवलेत. एकाच्या टोकाला कोरून बारीक ठेवलेली जीभ, ती चूल. दुसऱ्यात तिला बसायला खाच. खिळा नाही, स्क्रू नाही, डिंक लावून तळव्यानं दाबलं की बसली पाहिजे. ‘हाताला थोडा विरोध करावा तिनं, पण भांडू नये,’ असं तुम्ही म्हणाला होतात. डिप्लोमाच्या तीन वर्षांत मला कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

आणि जुलैत तुम्ही तेच सांगत होतात, की ती भांडतेय. ‘चूल जाड येतेय, बेटा.’ मी काय केलं? खुर्चीवरून उठलेसुद्धा नाही. मशीन ज्या मापानं लाकूड कापते तो स्क्रीनवरचा आकडा वाचला आणि म्हणाले, ‘बाराच मिलिमीटर आहे, चाचा. खाचही बारा. हाताला हलकी लागावी म्हणून चुलीत केसभर कमी धरलंय.’ तुम्ही मान हलवलीत आणि कानस घेऊन बसलात. सावद्याच्या अभ्यासिकेच्या चाळीस खुर्च्या, एका खुर्चीला आठ चुला. प्रत्येक चूल तुम्ही घासत होतात, खाचेत घालून बघत होतात, परत घासत होतात. नाना दोन दिवस लांबून बघत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी तुमच्या हातातली कानस काढून घेतली आणि आपल्या टेबलाच्या खणात टाकली. ‘एवढी मशीन काय कानस माराले आणेल शे का? मशीन चुकत नही, माणूस चुकस.’ आपलं धुळ्याकडचं बोलणं त्यांना रागातच आठवतं. उद्घाटन चार दिवसांवर आलं होतं. कानस नाही म्हटल्यावर उरलेल्या खुर्च्या तुम्ही ठोकून बसवल्यात. दुसरं काय करणार होतात?

सावद्याचा तो दिवस मला रोज आठवतो. आठवडाभरात अकरा खुर्च्यांचे पाय फाटले, एक तर परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलीखालीच मोडली. तिला लागलं नाही हे नशीब. नाना तुम्हाला आणि मला गाडीत घालून घेऊन गेले. तिथे अभ्यासिकेचे तोतारामभाऊ होते, पंधरा-वीस मुलंमुली होती, आणि माझं गाव म्हणून लेकीला बघायला माझे आबाही केळीच्या बागेतून तसेच आले होते, मातीच्या पायांनी. तोतारामभाऊंनी फाटका पाय नानांसमोर धरला. नानांनी सगळ्यांदेखत तुमच्याकडे बोट केलं आणि म्हणाले, यांचं वय झालं, हात बसत नाही, जिथे दाबायचं तिथे हे ठोकतात. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, ‘कामिनी, आकडा बरोबर होता ना?’ मी म्हणाले, ‘हो.’

तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खाली बसून फाटलेल्या पायांत डिंक भरून शिकंजे आवळायला लागलात. संध्याकाळपर्यंत अकराही खुर्च्या उभ्या केल्यात. शनिवारी तुम्ही हत्यारं गोणपाटात बांधलीत आणि माझ्यापाशी येऊन म्हणालात, ‘तुझा कॉम्प्युटर बरोबरच असेल, बेटा. आता माझंच काही खरं नाही.’ तुम्ही मला शिवी दिली असती तर मी एवढी हैराण झाले नसते.

पुनाभाऊच्या हातूनही खुर्चीचा पाय फाटला तेव्हा नानांना दोष द्यायला वय सापडेना. मग लाकूड ओलं ठरलं. वखारवाल्याशी भांडण झालं, लाकूड बदललं, तरी चूल जाईना. मग विजेवर आळ आला, व्होल्टेज वरखाली होतं म्हणून. इतक्या जवळ दीपनगरच्या वीजकेंद्राची चिमणी रात्रंदिवस धूर सोडते आणि आम्ही इथे दाब मोजत बसलो. मशीनच्या कंपनीचा माणूस आला. त्यानं टेबलाची पातळी तपासली, पट्टे आवळले, चहा दोनदा घेतला आणि मशीन उत्तम आहे असं लिहून सही करून गेला. मशीन खरंच उत्तम होती, चाचा. या सगळ्यात तीन आठवडे गेले आणि तेवढ्यात एकाही माणसानं, म्हणजे मी धरून एकानंही, ती चूल हातात घेऊन मोजली नव्हती. मी फक्त आकडा वाचत होते.

शेवटी एका दुपारी चिडून मी जाडी मोजायचा व्हर्नियर घेतला. चूल जेवढी हवी त्याहून दोन दशांश मिलिमीटर जाड. खाच दोन दशांश अरुंद. दोन्ही मिळून चार दशांश. कागदाच्या चार पानांइतकं असेल, पण सागाला फाटायला तेवढं पुरतं. मग मशीनमधला लाकूड कापणारा बिट काढून मोजला. सहा मिलिमीटरचा म्हणून मी कॉम्प्युटरला सांगितलं होतं, तो पाच पूर्णांक आठ भरला. धार लावून आणलेला जुना बिट होता. धार लावली की बिट झिजून बारीक होतो. बारीक बिट लाकूड कमी कापतो, म्हणून खाच अरुंद राहते आणि चूल जाड. कॉम्प्युटरला हे कळायचं कसं? मी त्याला जे सांगितलं ते त्यानं खरं मानलं, आणि त्यानं जे दाखवलं ते मी खरं मानलं.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, होतं असं, पोरगी नवी आहे. थांबा. पुढचं लिहायला मला तीन दिवस लागलेत.

तो बिट तिथे मीच लावला होता. जुलैतल्या एका शुक्रवारी तुम्ही जुम्म्याच्या नमाजला गेला होतात, नाना धुळ्याला. मी फळी आवळायचा चाप चुकीच्या जागी लावला आणि मशीन सुरू केली. नवा कोरा बिट चापावर आदळून तुटला. आवाज अजून कानात आहे. दोनच आठवड्यांपूर्वी नाना कुणाला तरी सांगत होते की मुलीच्या हातात मशीन दिली खरी, बघू किती दिवस चालतंय. ते मी ऐकलं होतं. मी तुटके तुकडे भुशाच्या गोणीत खोल दाबले, ड्रॉवरमधला धार लावलेला बिट काढून बसवला आणि तुम्ही परत यायच्या आत मशीन चालू केली. बिट बदलला की कॉम्प्युटरमधला त्याचा आकडा बदलायचा असतो हे मला शिकवलेलं होतं. घाईत विसरले. पुढच्याच आठवड्यात तुम्ही म्हणायला लागलात की चूल जाड येतेय.

आणि सावद्याला नानांनी विचारलं ना, आकडा बरोबर होता का, त्या क्षणी मला तो ड्रॉवर आठवला. पूर्ण खात्री नव्हती, पण आठवला. समोर माझे आबा उभे होते. गावची पोरगी मशीन चालवते म्हणून ते बागेत सगळ्यांना सांगतात. मी मनाशी म्हटलं, एवढ्याशानं काय होतंय, आणि ‘हो’ म्हणाले. ते अज्ञानातून नव्हतं, चाचा. भीतीतून होतं. हे मी गेल्या आठवड्यापर्यंत माझ्या आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

गेल्या सोमवारी सगळे जमले असताना नानांना सांगितलं. बिट दाखवला, व्हर्नियर लावून दाखवला. मला वाटलं होतं ते ओरडतील, काढून टाकतील. त्यांनी बिट उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, ‘जाऊ दे. व्हई गय ते व्हई गय. आता नवा बिट लाव.’ मी म्हटलं, चाचांना फोन करा. तर म्हणाले, आता काय सांगू त्याला, तो तिकडे लेकीकडे सुखात आहे, गाडलेलं कशाला उकरतेस. सावद्याला मिस्त्रीची चूक असं सांगून झालंय, आता परत कसं फिरवायचं? मला कामावर ठेवलं त्याचासुद्धा संताप आला. न केलेल्या चुकीची शिक्षा तुम्हाला आणि एवढ्या मोठ्या चुकीला नवा बिट. पुनाभाऊ मात्र मागे आला आणि म्हणाला, ‘ताई, त्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं घासून बसवलेल्या खुर्च्यांपैकी किती फाटल्या?’ कोणती खुर्ची कोणत्या दिवशी बसवली ती यादी मी बघितली. एकही नाही. फाटल्या त्या सगळ्या कानस काढून घेतल्यानंतरच्या.

नाना फिरवत नाहीत म्हणून रविवारी मीच सावद्याला गेले. तोतारामभाऊंना अभ्यासिकेत बसून सगळं सांगितलं. आबांनाही. आबा केळीच्या सोपटाची दोरी वळत होते, तसेच वळत एवढंच म्हणाले, ‘त्या माणसाले तू सांगितलं का?’ मी म्हटलं, नाही. ते उठून बागेत गेले. जेवायलासुद्धा माझ्याबरोबर बसले नाहीत.

त्याच संध्याकाळी तुमचा पत्ता घ्यायला मी तुमच्या लेकीला, हमीदाताईंना, फोन केला, आणि हे पत्र खरं तर त्यामुळे लिहिते आहे. मी समजत होते की तुम्ही रागावून गेलात आणि तिकडे दुसरीकडे काम करता. ताईंनी सांगितलं की गोणपाट अजून सोडलेलं नाही. डोळे तपासून घेतलेत, डॉक्टर म्हणाले ठीक आहेत, तर तुम्ही म्हणालात, मग हातच गेला. शेजारच्यांनी दिवाण दुरुस्त करायला बोलावलं तर नाही म्हणालात. आणि ताईंच्या घराचं पुढचं दार फरशीला घासतंय म्हणून तुम्ही, चाळीस वर्षं दारं बसवलेल्या माणसानं, बाजारातून दुसरा मिस्त्री ठरवला. नानांचा माझ्यावर विश्वास होता, जगाचा कॉम्प्युटरवर असतो, ते मी समजू शकते. पण तुम्हीसुद्धा स्वतःच्या तळव्यापेक्षा माझ्या आकड्याला खरं मानलंत, आणि तेही मी खोटं बोलत असताना. मला माफ करा असं म्हणत नाही. तेवढं तुम्ही हे पत्र संपायच्या आतच करून टाकाल, तुमचा स्वभाव मला माहीत आहे. माझं मागणं वेगळं आहे. हे पत्र हमीदाताईंकडून मोठ्यानं वाचून घ्या, जावईबापूंसमोर, त्या दिवाणवाल्या शेजाऱ्यांसमोर, ज्यांना ज्यांना तुम्ही हात गेला म्हणून सांगितलंत त्या सगळ्यांसमोर. जुलैत त्या कारखान्यात एकच माणूस बरोबर मोजत होता आणि तो कशानंही न मोजता सांगत होता. त्या मिस्त्रीला येऊ नको म्हणून कळवा, चाचा. दार तुम्हीच बसवा.

तुमचीच,
कामिनी