टीव्हीतले चौकोन आणि इंदुरीचे पाहुणे

कान्हे, सोमवार

अनिता,

आशीर्वाद नंतर देते, आधी हे ऐक. काल आपल्या सारिकाला बघायला इंदुरीचे पाहुणे आले, आणि सगळ्यात पहिला कोण टपकला? मुलाचा चुलता, कोंडाजी! मुलगा मागं, मुलाची आई मागं, हा गडी एकटाच मोटारसायकलवर पुढं. माझी अजून वेणी व्हायची होती. राम राम न्हाई, पाणी न्हाई, म्हणतो, "मावशी, टीव्ही लावा." परवाच्या शर्यतीत त्याची बैलं पळाली, ती केबलवर दाखवणार होते.

आता आशीर्वाद घे. तुझे मालक, लेकरू खुशाल असतील. आमची म्हैस आटली, बाकी बरं.

तर टीव्ही लावला. हा टीव्ही तू बघितला न्हाईस, तू गेल्यावर घेतला. चित्र म्हणजे नुसते चौकोन! बैलाचं तोंड हितं, वशिंड तितं, बैलांपुढं पळणाऱ्या घोडीवरचा गडी मधीच थिजलेला. कोंडाजी टीव्हीला थापट्या मारतोय, आणि तेवढ्यात बाकीचे दारात.

सारिका चहा घेऊन आली, पडद्याकडं बघितलं, ट्रे माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि पक्कड घेऊन गच्चीवर. कंपनीत ती गाड्यांच्या वायरिंगवर असती, ते तुला ठाऊकच असंल.

वरून हाक, "टीव्हीपुढं कुणीतरी उभं राहा, चित्र कसं येतंय सांगा!" उभा राहिला मुलगाच. सत्यम नाव.

"आता?"

"बरं आहे."

"आता?"

"आता पण बरं आहे."

"अवं, बरं म्हणजे काय? चौकोन आहेत का न्हाईत?"

पोरगं घुटमळलं. मग मोठ्यांदा म्हणालं, "आहेत. लय आहेत. आधीपेक्षा वाढलेत!"

"मग सांगायचं की! मी काय खाती का तुमाला?"

मुलाची आई, राजेश्वरीबाई, तोंडाला पदर लावून हसायला लागली. लगीच दुसरी हाक, "आजी, वायरीवर ओली गोधडी कुणी टाकली? जोड पार सुटलाय!" मी पोहे परतत राहिले. मला कुटं ऐकू येतंय!

सुटलेला तुकडा कापून तिनं नवी पिन बसवली. चौकोन गेले, पण चित्र पुसटच. मग सत्यमनं टीव्हीमागं डोकावून इचारलं, "आजी, केबलच्या बॉक्सबरोबर एक जाड वायर आली असेल ना?" ती माझ्या पेटीत. नवी कोरी वस्तू, वापरून कशाला खराब करा? काढून दिली. त्यानं लावली मातुर, अगं, बैलाच्या शिंगावरच्या गोंड्याचा धागान् धागा दिसाया लागला! कोंडाजी डोळे पुसत होता, बैलासाठी बरं का.

पोहे खाताना राजेश्वरीबाईंनी इचारलं, "मुलीची आई दिसत न्हाई?"

आजवर जे आले त्यांना मी सांगत आले, आई आजारी असती. काल जीभ वळली न्हाई. एवढंसं पोरगं परक्या घरात उभं राहून खरं सांगतंय, आणि मी? म्हटलं, "आई धडधाकट हाय. माझा ल्योक कैलास गेला तवा ती कवळी पोर होती. तिचं दुसरं लगीन झालं, वराळ्याला नांदती. नात मी ठेवून घेतली."

सारिका माझ्याकडं बघतच राहिली.

मग राजेश्वरीबाई म्हणाल्या, "मुलगी आमाला पसंत हाय. पण बोलणी मी तिच्या आईशीच करणार. त्यांना बोलवा."

फोन केला असता तर तू "बघते" म्हणून ठेवला असतास, म्हणून हे लिहिलं. कंपनीच्या गेटापाशी तू पोरीला भेटून जातीस, ते मला कवाचं ठाऊक हाय. ती सांगत न्हाई, मी इचारत न्हाई. पण काल भांडी घासताना म्हणाली, "आजी, आई आली तर तुझ्याशेजारी बसंल का गं?"

तू ये. तुझ्या मालकांना घेऊन ये. पुढच्या दारानं ये. गाव काय म्हणंल ते मी बघते. तू न्हाई आलीस तर त्या माऊलीपुढं मी कुटल्या तोंडानं बसू, आणि पोरीला काय सांगू?

पाहुणे येत्या रविवारी सकाळी परत येतो म्हणालेत.

अजून बी तुझी सासूच,
भागुबाई