बाळकल सरोवराचा मासा

सोमवार, १३ जानेवारी २०२५
मी, भाऊसिंग सेवादास राठोड, वाणिज्य पदवीधर, वय चौपन्न, महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयाचा लिपिक. या पानांचा हेतू एकच — विभागप्रमुख डॉ. ऋषिकेश यांचा सूड!

आज त्यांनी भर वर्गात एका माशाची माझी नोंद वाचली. स्थानिक नाव : मरय. धनजचे भोई मरयच म्हणतात. ऐकले तसे लिहिले. “अहो, मरळ! बी.कॉम.ला ‘ळ’ शिकवत नाहीत काय?” मुले खिदळली. वर आज्ञा — “‘य’ दिसेल तिथे ‘ळ’ करा. सगळीकडे. तपासणी पुढच्या मंगळवारी आहे.”

सगळीकडे — शब्द त्यांचा.

बुधवार, १५ जानेवारी
“घ्या तिळगूळ! की तुमच्याकडे तियगूय?” — पुन्हा मुलांसमोर. घेतला. खाल्ला नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी
आज्ञापालन झाले. संगणकाला सांगितले — प्रत्येक ‘य’च्या जागी ‘ळ’. क्षणात झाले!

संग्रहालयाचा मानबिंदू म्हणजे स्कल्पिन — थंड पाण्यातला, चपट्या डोक्याचा मासा. माझा थोरला भाऊ रायसिंग सैबेरियात बायकल सरोवराकाठी वेल्डर होता. त्याने आणून दिला. तो गेला, मासा राहिला. तपासणी समितीला साहेब पहिली हीच बरणी दाखवणार. नव्या चिठ्ठीवर : बाळकल सरोवर, रशिळा!

साहेबांनी फोनवर बोलता बोलता, न वाचता सही ठोकली. मी मात्र ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. खालचे वाचण्याची गरज वाटली नाही.

शनिवार, १८ जानेवारी
चंदावहिनींना निरोप धाडला — दादाची बरणी पाहायला या. त्याच्या माशापुढेच साहेबांचे तोंड उतरावे!

सोमवार, २० जानेवारी
वहिनी केनवडहून आजच आल्या. बरणीपुढे उभ्या राहून चिठ्ठीवर बोट फिरवत एकेक अक्षर लावत होत्या. शेवटच्या ओळीवर बोट थांबले.

“भाऊजी, हा राळसिंग कोन जी?”

मी वाकून ती ओळ प्रथमच वाचली.

“त्याईचा मासा कोनाच्या नावावर केला तुमी?”

सगळ्या नोंदी पूर्ववत केल्या, चिठ्ठ्या बदलल्या. बायकल परत आले. उद्या साहेब ताठ मानेने बरणी दाखवतील. दाखवोत! दाता — रायसिंग सेवादास राठोड.

मरय मरयच ठेवली आहे.

भाऊसिंग सेवादास राठोड
कामरगाव, २० जानेवारी २०२५